रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब



एन.सी.सी.चे फायरिंग म्हटले की हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीचा ग्रुप आला रे?" टार्गेटच्या कागदावर पाच भोके किती जवळ पडली, यावर रात्रभर चर्चा चालते. पण गोळी गेल्यावर मागे जे उरते, त्या पितळेच्या रिकाम्या पुंगळीबद्दल कोणी विचारत नाही. गेली दोन वर्षे आमच्या तुकडीत फायरिंगच्या दिवशी पुंगळ्या गोळा करणे, निवडणे आणि मोजून देणे हे काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला मला ते झाडलोटीचे काम वाटले होते. हळूहळू लक्षात आले की मटेरियल सायन्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि मेट्रॉलॉजी हे तीन विषय त्या बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरलेले आहेत. शिवाय चौथा एक विषय आहे, जो सिलॅबसमध्ये नाही. तो शेवटी सांगतो.

१) पुंगळी म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण अख्खी वस्तू म्हणजे काडतूस. त्याचे चार भाग: पुढे उडून जाणारी गोळी, तिच्यामागची दारू, ती दारू पेटवणारा ठिणगीचा मसाला आणि हे सगळे एकत्र धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. फायर झाल्यावर पहिले तीन भाग संपतात. उरते ती पुंगळी.

आपण कॅडेट वापरतो ती .२२ डिलक्स रायफल. तिच्या काडतुसाला मागे मध्यभागी वेगळी टोपी नसते. मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. म्हणून वापरलेल्या .२२ च्या पुंगळीवर खूण कडेला दिसते. मोठ्या रायफलींच्या काडतुसाला मधोमध छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, असते आणि पिनचा खड्डा बरोबर मध्यभागी पडतो. पुंगळी हातात आली की पहिली नजर बुडाकडे जायला हवी, ती यासाठी.

२) पितळच का?

व्हायवाला विचारतात तसा हा प्रश्न आहे. "स्वस्त पडते म्हणून" असे उत्तर दिलेत तर शून्य मार्क, कारण तांबे काही स्वस्त नाही.

आधी एक गणित करू. .२२ च्या काडतुसात जास्तीत जास्त दाब सुमारे १६५ मेगापास्कल धरतात. पुंगळीचा बाहेरचा व्यास ५.७ मिमी, भिंतीची जाडी ढोबळमानाने ०.३ मिमी. सेकंड इयरला शिकलेले पातळ नळीचे सूत्र लावा: ताण = दाब × व्यास ÷ (२ × जाडी). उत्तर येते दीड हजार मेगापास्कलच्या वर. पितळ कितीही ठोकून कडक केले तरी सहाशेच्या आसपास दम सोडते. म्हणजे पुंगळी एकटी असती तर फुटलीच असती. ती फुटत नाही, कारण दाब वाढताच ती फुगते आणि चेंबरच्या पोलादी भिंतीला चिकटते. पुढचा भार पोलाद घेते. पुंगळीचे काम फक्त वायू मागे येऊ न देण्याचे. प्रेशर कुकरमध्ये रबरी गास्केट करते, तेच हे काम.

पण चिकटून बसली तर बाहेर कशी यायची? इथे पितळेचा खरा गुण दिसतो. दाब उतरला की ती थोडी आकसते. किती आकसणार, हे यील्ड भागिले यंग्ज मॉड्युलस यावर ठरते. ठोकून कडक केलेल्या पितळेचा यील्ड ४०० मेगापास्कल आणि मॉड्युलस ११० गिगापास्कल धरा. ५.७ मिमी व्यासावर सुमारे ०.०२ मिमी इतकी आकसण मिळते. तेवढ्याच ताकदीच्या पोलादाचा मॉड्युलस जवळजवळ दुप्पट, म्हणून आकसण निम्मी. (चेंबरही थोडे फुगते-आकसते, ते मी इथे सोडून दिले आहे. जाणकारांनी माफ करावे.) या दोन शतांश मिलिमीटरच्या जोरावर एक्स्ट्रॅक्टर पुंगळी सहज ओढून काढतो.

हे पितळही साधे नाही. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पितळेत ताणले जाण्याचा गुण याच प्रमाणाच्या आसपास सर्वात जास्त असतो. इंग्रजीतले त्याचे नावच 'कार्ट्रिज ब्रास'. पट्टीतून चकती, चकतीतून वाटी, वाटीतून टप्प्याटप्प्याने लांब नळी, आणि मध्ये मध्ये ॲनीलिंग. डीप ड्रॉइंगचा धडा वाचताना जी आकृती आपण न समजता पाठ करतो, ती हीच. पुढे मोठ्या काडतुसांचे तोंड पुन्हा तापवून मऊ करतात आणि बूड मुद्दाम कडक ठेवतात. ५.५६ किंवा ७.६२ च्या पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसली तर तो डाग समजू नका. ती त्या शेवटच्या ॲनीलिंगची खूण आहे.

आपल्या महाराष्ट्राचा या वस्तूशी जुना संबंध आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा १९६४ चा. बुडावर 'केएफ' अशी अक्षरे दिसली तर पुंगळी खडकीची आणि 'ओएफव्ही' दिसली तर वरणगावची. २०२१ मध्ये जुने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित झाले आणि हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले.

३) गोळा करणे

पुंगळ्या गोळा करायला कोणीही केव्हाही पुढे धावत नाही. डिटेलचे फायरिंग संपले, रायफली खाली झाल्या, उस्तादांनी प्रत्येक चेंबर पाहिले आणि परवानगी दिली, की मगच हात जमिनीकडे जातात. .२२ डिलक्स ही हाताने बोल्ट ओढण्याची रायफल. तिच्या पुंगळ्या फायररच्या उजव्या कोपराजवळच पडतात. स्वयंचलित रायफल मात्र पुंगळी काही मीटर लांब उडवते आणि ती गवतात जाते. अशा ठिकाणी रांग करून, पावलापावलाने, एकाच दिशेने जमीन पाहत जायचे. मनाला येईल तिकडे शोधत फिरले की तीच जागा चार जण पाहतात आणि उरलेली कोणीच पाहत नाही.

दोन सूचना. नुकतीच पडलेली पुंगळी गरम असते, लगेच मुठीत घेऊ नका. आणि पुंगळीवर ओठ लावून शिट्टी वाजवायची हौस आवरा. बहुतेक काडतुसांच्या मसाल्यात शिशाचे संयुग असते, .२२ ची गोळी तर शिशाचीच. ती बारीक पूड पुंगळीत आणि आपल्या बोटांवर बसलेली असते. काम झाले की साबणाने हात धुवायचे आणि मगच पुरी-भाजीच्या पाकिटाला हात लावायचा.

४) वर्गवारी

रेंज एकट्या आपल्या तुकडीची नसते. आज आपण, काल पोलीस, परवा आणखी कोणी. मातीत सगळ्यांच्या पुंगळ्या मिसळलेल्या असतात. म्हणून मी पाच डबे मांडतो.

पहिला डबा: आजच्या, आपल्या जातीच्या, धडधाकट पुंगळ्या.

दुसरा डबा: दुसऱ्या जातीच्या. .२२ ची पुंगळी साधारण १५.६ मिमी लांब. ९ मिमी पिस्तुलाची १९ मिमी, ५.५६ ची ४५ मिमी, ७.६२ ची ५१ मिमी. नुसते बूड पाहून फसायला होते, कारण ९ मिमीच्या आणि ५.५६ च्या बुडाच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक आहे. लांबी पाहा, वाद मिटतो. पोलादी पुंगळ्याही असतात, त्या चुंबकाला चिकटतात. पितळ चिकटत नाही.

तिसरा डबा: जुन्या. आजची पुंगळी चकचकीत असते आणि तिला जळक्या दारूचा वास असतो. जुनी काळपट किंवा हिरवट पडते आणि तिच्यात माती भरलेली असते. हा डबा दिसतो साधा, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे. का, ते पुढे येईल.

चौथा डबा: सदोष. याबद्दल पुढच्या भागात.

पाचवा डबा: न उडालेली काडतुसे. हा डबा वेगळ्या रंगाचा, झाकणाचा आणि उस्तादांच्या ताब्यात. ट्रिगर दाबला आणि आवाज आला नाही तर बोल्ट लगेच मागे ओढायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करायचा. मसाला उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून निदान तीस सेकंद थांबतात. मग ते काडतूस बाहेर काढून थेट या डब्यात. ते पुंगळ्यांच्या ढिगात कधीही पडता कामा नये.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, नेमबाज स्वतःच्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरतात. तिकडे वर्गवारी आणखी बारीक असते. एकाच मापाची पण वेगळ्या कारखान्याची पुंगळी ते वेगळी ठेवतात, कारण भिंत जाड असली की आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूला दाब वाढतो. .२२ मात्र तिथेही पुन्हा भरत नाहीत, कारण मसाल्याची कड एकदा चेपली की संपली. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या पुंगळ्या मोजून परत जातात. आठवण म्हणून एखादी खिशात टाकणेही नाही. ती सरकारी वस्तू आहे, आणि बॅगेत विसरलेली पुंगळी विमानतळाच्या एक्स-रेमध्ये काडतुसासारखीच दिसते.

५) पुंगळी बोलते

चौथ्या डब्याला मी 'दवाखाना' म्हणतो. इथली प्रत्येक पुंगळी रायफलची किंवा काडतुसाची तक्रार सांगत असते.

पिनची खूण अगदी हलकी असेल तर पिनची स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये घाण आहे. कड फाटलेली असेल तर एक्स्ट्रॅक्टरला जोर लावावा लागला, म्हणजे चेंबर अस्वच्छ असू शकते. मोठ्या पुंगळीच्या बुडाच्या थोडे वर गोलाकार चकाकती रेघ दिसली, तर पुंगळी तिथे ताणली गेली आहे आणि पुढे दोन तुकडे होण्याचा धोका आहे. अशी पुंगळी कोणत्या रायफलची, ते लिहून ती आर्मररकडे द्यायची. दहा रायफलींच्या पुंगळ्या एकाच पोत्यात भरल्या की ही माहिती कायमची गेली. म्हणून मी प्रत्येक लेनच्या पुंगळ्या आधी वेगळ्या कागदावर घेतो. गुन्ह्याच्या तपासात प्रयोगशाळेतले तज्ज्ञ कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवून पिनच्या आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खुणा जुळवतात, त्याचेही मूळ तत्त्व हेच.

तोंडापासून खाली लांबट चीर गेलेली पुंगळी मिळाली तर तिच्यामागे एक आपल्याच मातीतली गोष्ट आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात. पाऊस संपल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना चिरा पडलेल्या. कोणी हात लावला नाही, कोणी फायर केले नाही, तरी चिरा! ऋतूनुसार येणारा रोग म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि ड्रॉइंग करताना पितळेत अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमांवर तडकते. तिन्हींपैकी एक काढून टाका, चीर पडत नाही. म्हणून उपाय दोन: पुंगळी कमी तापमानाला तापवून आतला ताण घालवायचा आणि साठवण कोरडी ठेवायची. स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग या प्रश्नाला परीक्षेत हे उदाहरण लिहा, तपासणाऱ्या सरांना बरे वाटेल.

६) मोजणी

आता हिशेब. नियम एका ओळीचा:

दिलेली काडतुसे = आजच्या पुंगळ्या + न उडालेली + शिल्लक.

समजा ४० कॅडेट, प्रत्येकी ५ राउंड, म्हणजे २०० काडतुसे गेली आणि शिल्लक काही नाही. तर शेवटी २०० नग दिसायलाच हवेत.

आमच्यातल्या एकाने (प्रॉडक्शनचा आहे, नाव सांगत नाही) शक्कल काढली, "एकेक कशाला मोजतोस? वजन करू या. बँकेत चिल्लर तशीच मोजतात." .२२ ची रिकामी पुंगळी सुमारे ०.६५ ग्रॅम, म्हणजे २०० पुंगळ्या १३० ग्रॅम. काटा १३० दाखवेल तर झाले काम. ऐकायला छान आहे, पण करून बघा. एक ग्रॅमचा काटा असेल तर एक पुंगळी कमी-जास्त झालेली त्याला कळणारच नाही. आणि याहून वाईट शक्यता अशी: ढिगात १९५ रिकाम्या पुंगळ्या आणि चुकून पडलेले एक जिवंत काडतूस आहे. जिवंत काडतूस सुमारे ३.३ ग्रॅमचे. १९५ गुणिले ०.६५ म्हणजे १२६.७५, अधिक ३.३, एकूण १३०.०५ ग्रॅम. काटा म्हणतो, सगळे ठीक! प्रत्यक्षात चार नग गायब आहेत आणि एक जिवंत काडतूस भंगाराच्या पोत्यात बसले आहे. दोन चुकांनी एकमेकींना झाकले.

म्हणून मी दहा-दहाच्या ओळी लावतो, सगळ्यांची तोंडे माझ्याकडे. उघडे तोंड दिसले तर पुंगळी, शिशाचे टोक दिसले तर थांबा. मोजणी आणि तपासणी एकाच नजरेत होते. मी मोजले की दुसरा कॅडेट माझा आकडा न विचारता पुन्हा मोजतो.

हे एवढे कशाला, असे वाटेल. पितळेला भाव आहे. पोत्यातली पुंगळी शेवटी कुठल्या तरी भट्टीत जाते, आणि तिच्यात जिवंत काडतूस असेल तर ते भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते. तोफखान्याच्या रेंजभोवतीच्या गावांत भंगार वेचताना न उडालेला गोळा फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्या राज्यातही आलेल्या आहेत. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण गेले. .२२ चे काडतूस त्यांच्यापुढे काहीच नाही, हे खरे. पण 'हे रिकामे आहे' असे न पाहता मानायची सवय लहान वस्तूपासूनच लागते.

७) एकशे नव्व्याण्णव

एका फायरिंगला आमची मोजणी १९९ वर थांबली. पुन्हा मोजले, १९९. ऊन चढलेले, गाडी उभी, पोरे भुकेली. तेवढ्यात एक ज्युनिअर तिसऱ्या डब्यातली, म्हणजे जुन्या पुंगळ्यांतली एक .२२ ची पुंगळी घेऊन आला. शर्टाला घासून त्याने ती बऱ्यापैकी चकचकीत केली होती. म्हणाला, "उस्ताद, ही टाकली की दोनशे होतात. कोणाला कळणार?"

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी ती पुंगळी हातात घेतली, नाकाशी नेली आणि परत जुन्या डब्यात टाकली. म्हणाले, "बाळा, दोनशे झाले असते रे. पण जे हरवलंय ते सापडलं असतं का? ते जिवंत असलं आणि उद्या इथं शेळ्या चारणाऱ्या पोराला मिळालं, तर तुझा दोनशेचा आकडा त्याच्या काय कामाचा?"

पुन्हा शोध सुरू झाला. लेन एकेक करून, जमिनीवर अंथरलेली प्रत्येक दरी उचलून झटकली. सातव्या लेनच्या दरीच्या दुमडलेल्या कडेत पुंगळी सापडली. कडेवर खूण, आत जळक्या दारूचा वास. दोनशे. गाडी पाऊण तास उशिरा निघाली.

हा तो सिलॅबसमध्ये नसलेला विषय. आपल्या लॅबमध्ये काय चालते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बीमचे डिफ्लेक्शन थिअरीशी जुळले नाही की जर्नलमध्ये रीडिंग जुळवायचे, वरच्या बॅचचे जर्नल शोधायचे, आलेख सरळ रेषेत आणायचा. एरर दोन टक्के, सही मिळाली, विषय संपला. पण न जुळणारे रीडिंग हीच तर हरवलेली पुंगळी आहे. डायल गेज अडकत असेल, सपोर्ट सरकला असेल, नाहीतर बीमलाच चीर असेल. जुळवलेला आकडा ती चीर बुजवत नाही, फक्त झाकतो. उद्या आपण पुलाचे, बॉयलरचे किंवा लिफ्टचे रिपोर्ट लिहिणार आहोत, तेव्हा त्या आकड्यांखाली माणसे उभी असतील.

नवीन कॅडेटांसाठी थोडक्यात: परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. आधी वर्गवारी करा, मग मोजा. जुनी आणि नवी पुंगळी कधी एकत्र करू नका. वजनावर विसंबू नका, एकेक नग डोळ्यांनी पाहा. आकडा जुळला नाही तर जुळला नाही असेच सांगा आणि शोधायला लागा. आणि हो, हात धुवायला विसरू नका.

या वर्षीचे फायरिंग लवकरच आहे. पुंगळ्यांच्या कामाला मला दोन मदतनीस हवे आहेत. ज्यांना टार्गेटवर नाव काढायचे आहे त्यांनी जरूर काढावे. ज्यांना पितळ वाचायला शिकायचे आहे त्यांनी मला मेसमध्ये भेटावे.